न्यायमूर्ती तेलंग आणि 'घरच्यांसाठी'

शाळेच्या इतिहासात आपल्याला रानडे, टिळक, आगरकर भेटतात. काशिनाथ त्र्यंबक तेलंग मात्र सहसा निसटून जातात. या माणसाचा बायोडेटा वाचला तर आपल्याला अप्रेझलचा फॉर्म भरायची लाज वाटेल :-)

जन्म १८५० चा. १८७२ पासून मुंबई हायकोर्टात वकिली. १८८२ मध्ये मॅक्स म्युलरच्या ग्रंथमालेत गीतेचं इंग्रजी भाषांतर. १८८४ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात सभासद (सरकारनियुक्त, कारण तेव्हा निवडणूक नव्हतीच). १८८५ ला काँग्रेस उभी करणाऱ्यांमध्ये हेही. १८८८ चा महापालिका कायदा झाला तेव्हा फिरोजशहा मेहता आणि तेलंग दोघंही कौन्सिलात होते. आज अंधेरी-बोरिवलीचा कारभार पालिका त्याच कायद्याने चालवते. १८८९ ला हायकोर्टाचे न्यायमूर्ती, १८९२ ला मुंबई विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू. आणि १८९३ मध्ये, अवघ्या ४३ व्या वर्षी, गेलेसुद्धा.

पण मला छळते ती वेगळीच गोष्ट. हे सुधारक. संमतीवयाच्या कायद्याच्या बाजूने उभे राहिलेले. आणि स्वतःच्या मुलीचं लग्न मात्र त्यांनी ती लहान असतानाच लावून दिलं. घरच्या वडीलधाऱ्यांचा आग्रह, असं त्याचं कारण सांगितलं जातं. टीका व्हायची ती झालीच.

१८८६ च्या एका भाषणात त्यांनी मांडलं होतं की जिथे विरोध कमी तिथे आधी जोर लावावा, म्हणून राजकीय सुधारणा सामाजिक सुधारणेसाठी अडवून ठेवू नये. कौन्सिलात हा हिशोब पटतो. घरात मात्र तो फसतो, कारण घरात सगळ्यात कमी विरोध नेहमी 'जसं चाललंय तसं चालू दे' यालाच असतो. आणि त्याची किंमत मोजते ती जिला कुणी विचारलंच नाही अशी मुलगी.

त्यांना ढोंगी म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला ते मान्य नाही. त्यांचं बाहेरचं काम खरंच होतं. पण त्यांना हसण्याआधी आपली लग्नं बघा. ऑफिसात समानतेवर तावातावाने बोलणारे आपण, मॅट्रिमोनी साईटवर जातीच्या रकान्यात खूण करतो. 'मला काही नाही रे, आईबाबांसाठी.' मानपान? 'त्यांची हौस.' आपल्यावर तर कुणी जातीबाहेर टाकायची धमकीही देत नाहीये. फार फार तर आई चार दिवस अबोला धरेल.

तेवढा अबोला तरी सोसायला हवा की नको?