फिरत्या घराची डिश आणि पिनकोडचा हट्ट

तुमसर, सिहोरा, बपेरा या रस्त्यावर काम करणाऱ्या डीटीएच तंत्रज्ञ वाचकांची जी पत्रे या महिन्यात आली, त्यांतली तक्रार एकच आहे. ग्राहक समोर उभा, गाडी समोर उभी, सिग्नलही पकडला. पण जॉब क्लोज होत नाही.

नागपूरहून चांदपूरला किंवा बालाघाटमार्गे कान्हाकडे निघालेली कॅराव्हॅन बपेऱ्याला मुक्कामाला थांबते. रस्त्याच्या खाचखळग्यांनी डिशचा एलएनबी हललेला असतो. ग्राहक कंपनीला फोन लावतो. नोंदणी नागपूरच्या घराची, त्यामुळे तक्रार नागपूरच्या तंत्रज्ञाच्या नावे निघते. ‘आम्ही बपेऱ्याला आहोत’ म्हटले की उत्तर येते, रिलोकेशनची विनंती टाका, नवा पत्ता आणि पिनकोड द्या. पत्ता कुठला द्यायचा? आज बावनथडी नदीच्या अलीकडे भंडारा जिल्हा, उद्या पूल ओलांडला की मध्य प्रदेश. तिथे पुन्हा नवी विनंती, पुन्हा शुल्क. एका वाचकाने भर उन्हात तासभर खपून डिश लावून दिली. कंपनीच्या ॲपने घराच्या दाराचा आणि गच्चीचा फोटो मागितला. गच्ची नव्हतीच. जॉब रद्द झाला, मजुरी बुडाली. अशा कामाचे पैसे कोणी द्यायचे, याचे उत्तर आजवर एकाही कंपनीच्या अधिकाऱ्याने आम्हाला दिलेले नाही.

या गोंधळाचे मूळ नियमात आहे. दूरसंचार नियामक ट्रायचे २०१७ चे सेवा-गुणवत्ता नियम रिलोकेशन म्हणजे एक घर सोडून दुसऱ्या घरात जाणे असेच धरून चालतात. जुलै २०२४ मध्ये ट्रायने त्यात दुरुस्ती केली आणि इन्स्टॉलेशन, ॲक्टिव्हेशन, तंत्रज्ञाची भेट, रिलोकेशन, जोडणी तात्पुरती बंद ठेवणे या सगळ्यांवरची शुल्कमर्यादा उठवली. इन्स्टॉलेशनची ३५० रुपयांची आणि ॲक्टिव्हेशनची १०० रुपयांची कमाल मर्यादा गेली. दर ठरवायची मोकळीक कंपन्यांना मिळाली. फिरत्या ग्राहकाची व्याख्या मात्र कोणी केली नाही. विमाने आणि जहाजे यांच्यासाठी केंद्राने २०१८ साली संपर्कसेवेचे स्वतंत्र नियम केले. महाराष्ट्राने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. म्हणजे सरकारच लोकांना चाकावरच्या घरात राहायला बोलावते आणि त्याच घरातल्या टीव्हीसाठी गच्चीचा फोटो मागितला जातो. डीटीएचचा बीम अख्ख्या देशावर पडतो. पिनकोडची अट तांत्रिक नाहीच, ती फक्त कामवाटपाच्या सोयीची आहे. सोयीची अट ग्राहकाच्या आणि कारागिराच्या मुळावर येत असेल तर ती बदललीच पाहिजे.

आता आपल्याच माणसांना चार शब्द. कॅराव्हॅनच्या छताला भोके पाडून घरच्यासारखी डिश ठोकून देणारे अजूनही कमी नाहीत. पहिल्या पावसात छत गळते आणि आपल्या धंद्याचे नाव खराब होते. शिवाय ती डिश पुढच्या मुक्कामी निरुपयोगी ठरते. जीसॅट-१५ या उपग्रहाचे, म्हणजे ९३.५ अंश पूर्वेचे उदाहरण घ्या. बपेऱ्याला दिशा उत्तरेपासून सुमारे १४६ अंश, कोल्हापूरला सुमारे १२९. उंचीचा कोन दोन्हीकडे जवळपास ६० अंशच. म्हणजे राज्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एलिव्हेशन तेच राहिले, तरी दिशा सतरा अंशांनी पूर्वेला सरकते. आणि एलएनबीचा स्क्यूही ३१ वरून ४८ अंशांवर जातो. साठ सेंटीमीटरच्या डिशचा बीम जेमतेम तीन अंशांचा. छताला जाम केलेली डिश तिथे काय कामाची? गाडी उतारावर उभी राहिली किंवा आत कोणी चालले, तरी क्वालिटीचा काटा खाली येतो.

म्हणून डिश गाडीवर नको, गाडीशेजारी ट्रायपॉडवर हवी. दहा मीटर आरजी-६ केबल द्या, म्हणजे गाडी मोहाच्या सावलीत आणि डिश मोकळ्या आभाळाखाली राहील. होकायंत्र गाडीच्या पत्र्यापासून चार पावले दूर जाऊन धरायला ग्राहकाला शिकवा. मुख्य मुक्कामांचे दिशा, उंची आणि स्क्यू यांचे आकडे कागदावर लिहून द्या. बॉक्स गाडीच्या बॅटरीवर थेट लावू नका. इंजिन चालू असताना बॅटरीचा व्होल्टेज चौदाच्या वर जातो, मध्ये रेग्युलेटर हवाच. ज्याला मासिक पॅकची गरज नाही, त्याला डीडी फ्री डिश सुचवा. तिथे महिन्याचे पैसे नाहीत आणि पत्त्याचा प्रश्नही नाही. आपले कमिशन बुडेल म्हणून हा सल्ला दडवणे हा ग्राहकाशी अप्रामाणिकपणा आहे.

मागण्या तीन आहेत. एक, ट्रायने ‘प्रवासी जोडणी’ हा स्वतंत्र प्रकार मान्य करावा. नोंदणी घरच्या पत्त्याची, सेवा देशात कुठेही आणि रिलोकेशनचे शुल्क शून्य. दोन, अशा जोडणीचा जॉब बॉक्सचा क्रमांक आणि ग्राहकाचा ओटीपी यांवर क्लोज व्हावा. गच्चीचा फोटो आणि पिनकोडची अट काढावी. तीन, पर्यटन संचालनालयाने कॅराव्हॅन पार्कला मान्यता देताना वीज-पाण्याबरोबर आग्नेयेकडचे आभाळ मोकळे आहे की नाही, हेही पाहावे.

तंत्रज्ञ मित्रांनो, तोंडी तक्रारीला सरकारदरबारी किंमत नसते. रद्द झालेल्या प्रत्येक जॉबचा क्रमांक, तारीख, जागा आणि बुडालेली मजुरी लिहून आमच्याकडे पाठवा. सगळी पत्रे एकत्र जोडून आम्ही ती ट्रायकडे निवेदनासोबत देणार आहोत. बपेऱ्याच्या वाचकांनी सुरुवात केली आहे. आता गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या प्रत्येकाने हातातला फाइंडर क्षणभर खाली ठेवून पेन उचलावे.