‘वॉकर’ : तुडविणाऱ्या पायांचे आडनाव

इंग्लंडमध्ये ‘वॉकर’ आडनावाच्या माणसांना तोटा नाही. शाळेत शिकलेल्या इंग्रजीच्या आधारे कोणी या आडनावाचा अर्थ ‘चालणारा’ असा करील; परंतु हा माणूस चालत कोठेच जात नव्हता. तो दिवसभर एकाच हौदात उभा राहून ओले लोकरी कापड पायांनी तुडवीत असे.

मागावरून उतरलेले लोकरीचे कापड विरळ आणि तेलकट असते. ते पाण्यात व शिळ्या मूत्रात भिजवावयाचे, मुलतानी मातीच्या जातीच्या मातीने त्यातील तेल काढावयाचे आणि धागे एकमेकांत गुंतून कापड आटेपर्यंत, दाट होईपर्यंत तासन्‌तास तुडवावयाचे. हे काम करणाराला इंग्लंडच्या उत्तरेत व मध्यभागी ‘वॉकर’ म्हणत, नैर्ऋत्येकडे ‘टकर’ आणि दक्षिणेत व पूर्वेकडे ‘फुलर’. तिन्ही आडनावे आजही नांदत आहेत. सरदाराच्या अंगावर मिरवणारी बनात अशा हौदांतून निघत असे, याची आठवण त्याच्या वंशावळीत सापडावयाची नाही. ती तुडविणाराच्या आडनावात सापडते.

ही आडनावे पक्की झाली ती मुख्यतः तेराव्या-चौदाव्या शतकांत. गावोगाव जॉन आणि विल्यम यांची इतकी गर्दी होती की शेजारी माणसाला धंद्यावरून ओळखीत. जमीनदाराच्या आणि राजाच्या कारकुनांनी तीच ओळख कागदावर बांधली. पुढे मुलाने धंदा बदलला तरी नाव बदलेना. श्रमिकांची ही नोंद त्यांच्या गौरवार्थ झाली नव्हती. कोणाकडून किती वसूल करावयाचे हे कळावे, एवढाच कारकुनाचा हेतू होता.

आणि नाव पक्के होत असतानाच पाय हौदातून बाहेर पडत होते. टेम्पलर या धर्मयोद्ध्यांच्या संघाने ११८५ साली इंग्लंडमधील आपल्या मालमत्तेची मोजदाद केली, तीत कापड कुटणाऱ्या पाणचक्क्यांची नोंद आहे. प्रवाहाने चाक फिरावे, चाकाच्या आसाने लाकडी मोगऱ्या उचलाव्यात आणि त्या आळीपाळीने कापडावर आदळाव्यात, अशी ही रचना. माणसाचे पाय मूत्राच्या हौदातच राहावयास हवे होते, असे कोणीही सुज्ञ म्हणणार नाही. परंतु ओढा जमीनदाराचा, चक्कीही जमीनदाराची. आणि आपले कापड तेथेच आणून, दाम मोजूनच कुटून घेतले पाहिजे, अशी सक्ती त्याने रयतेवर लादली. श्रम वाचविणारे यंत्र अशा रीतीने खंडणीचे साधन झाले. यंत्राच्या या पहिल्या अवताराकडे केवळ प्रगती म्हणून पाहणारे इतिहासकार अर्धीच गोष्ट सांगतात.

उरलेली अर्धी लंडनच्या उत्तरेस सेंट ऑल्बन्स येथे घडली. तेथील मठाची चक्की असताना नगरवासी घरीच कापड तुडवीत आणि हातजात्यावर धान्य दळीत. १२७४ साली मठाधिपतीने यावर टाच आणली. नगरातील स्त्रियांनी राणी एलिनॉरकडे गाऱ्हाणे नेले. न्यायालयाने कौल मात्र मठाला दिला. पुढे १३३१ च्या सुमारास मठाधिपती रिचर्ड ऑफ वॉलिंगफर्ड याने घराघरांतील जात्यांचे दगड जप्त केले आणि मठाच्या दिवाणखान्यात त्यांची फरसबंदी केली. खगोलीय घड्याळाचा रचनाकार म्हणून कीर्ती पावलेला हा विद्वान स्वतः एका लोहाराचा मुलगा होता, हेही येथे नमूद केले पाहिजे.

त्या फरशीवरून मठवासी अर्धे शतक चालले. दरम्यान फ्रान्सशी चाललेल्या युद्धासाठी राजाने डोईपट्टी बसविली : १३७७ साली माणशी चार पेन्स, आणि १३८० च्या अखेरीस मंजूर झालेली तिसरी पट्टी माणशी बारा पेन्स. १३७९ च्या पट्टीच्या यॉर्कशायरमधील याद्यांत वॉकर, वेब्स्टर, स्मिथ ही नावे धंद्यांसह उतरलेली आहेत. जून १३८१ मध्ये एसेक्स आणि केंटमधील जनता उठली. तिचा पुढारी वॉट टायलर. त्याचेही आडनाव धंद्याचेच, कौले घालणाराचे. १५ जूनला लंडनमध्ये राजासमोर वाटाघाट चालू असतानाच त्याच्यावर वार झाले आणि त्याच दिवशी तो मारला गेला.

त्याच सुमारास सेंट ऑल्बन्सचे नगरवासी विल्यम ग्रिंडकॉबच्या नेतृत्वाखाली मठात शिरले. त्यांनी दिवाणखान्यातील दगड उखडले, फोडले आणि चर्चमध्ये प्रसादाची भाकरी वाटावी तसा एकेक तुकडा एकमेकांना वाटून घरोघर नेला. महिन्याभरात राजाचे न्यायाधीश नगरात आले. जुलैत ग्रिंडकॉबला फाशी झाली, आणि बंडाचा प्रवक्ता असलेला धर्मोपदेशक जॉन बॉल याचाही वध याच नगरात झाला. मठाकडून घेतलेल्या सनदा नगरवासीयांना परत कराव्या लागल्या.