तक्रारीच्या फॉर्मवर 'जात' हा शब्द कुठे आहे?

कंपनीच्या कामासाठी मी आजवर चार वेळा लंडनला जाऊन आलो. दर खेपेला सहा-आठ आठवडे मुक्काम. राहायला कंपनीने घेतलेला फ्लॅट, त्यात आम्ही चौघे, चौघेही पुण्याच्या ऑफिसातले. स्वयंपाकघर एक, फ्रिज एक. मागच्या खेपेला दुसऱ्याच दिवशी फ्रिजच्या वरच्या दोन कप्प्यांवर कागद चिकटलेला दिसला : 'फक्त व्हेज'. म्हटलं, ठीक आहे, ज्याचं त्याचं खाणं. माझी अंडी मी खालच्या कप्प्यात ठेवली.

चार दिवसांनी आईने बांधून दिलेली शेंगदाण्याची चटणी मी वरच्या कप्प्यात ठेवली. संध्याकाळी परत आलो तर डबा खाली आलेला. चटणीत अंडं नाही, मटण नाही, शेंगदाणे, लसूण आणि मिरची. बरं, शुक्रवारी तेच तिघे ऑफिसजवळच्या पबमध्ये इंग्रज माणसाने तळलेलं चिकन बोटं चाटत खात होते. तेव्हा कळलं की अडचण कोंबडीची नव्हती.

अडचण पहिल्याच संध्याकाळी सुरू झाली होती. 'पुण्यात कुठे राहतोस?' 'खडकी.' 'म्हणजे कॅन्टोन्मेंटमध्ये, बंगल्यात?' 'नाही, बाजाराच्या मागे, वस्तीत.' 'वडील काय करतात?' 'ॲम्युनिशन फॅक्टरीत होते, रिटायर झाले.' 'आणि पूर्ण नाव?' मी सांगितलं. 'अच्छा.' या 'अच्छा'चा अर्थ आपल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. सात हजार किलोमीटर लांब, बाहेर पाऊस, खिडकीखाली लाल बस, आणि आत पुण्याचा वाडा जसाच्या तसा उभा.

मी तक्रार करायचं ठरवलं. कंपनीच्या पोर्टलवर भेदभावाच्या तक्रारीसाठी फॉर्म आहे. 'भेदभावाचा आधार निवडा' असं म्हणून खाली यादी उघडते. वंश, वर्ण, धर्म, लिंग, वय, अपंगत्व, लैंगिकता, वैवाहिक स्थिती, गरोदरपण. मी यादी वर-खाली दोन वेळा वाचली. जात नाही. ज्या कंपनीतले बहुसंख्य कर्मचारी भारतात बसतात, त्या कंपनीच्या यादीत जात नाही! शेवटी एक पर्याय होता, 'इतर'. मी 'इतर' निवडलं. दहा दिवसांनी उत्तर आलं की हा सहकाऱ्यांमधला सांस्कृतिक गैरसमज दिसतो, आपसात बोलून मिटवावा.

मित्रांनो, त्या 'इतर' शब्दावर मी तेव्हापासून विचार करतोय. हजारो वर्षं ज्यांना गावाबाहेर ठेवलं, त्यांना यादीबाहेर ठेवणं किती सोपं आहे बघा.

त्याच खेपेला एका रविवारी मी चॉक फार्म स्टेशनला उतरून चालत दहा, किंग हेन्रीज रोडवर गेलो. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब या घरात राहिले. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतलं. पर्यटक फोटो काढतात, मीही काढला. पण तिथे उभं असताना मला लंडनपेक्षा बडोदा जास्त आठवत होतं.

आपण बाबासाहेबांना विद्वान म्हणून, घटनाकार म्हणून आठवतो. परदेशातून परत येऊन ऑफिसात रुजू झालेला तरुण नोकरदार म्हणून फारसे आठवत नाही. १९१३ ला ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले, तिथून लंडनला, आणि शिष्यवृत्तीच्या करारानुसार १९१७ मध्ये बडोदा संस्थानच्या नोकरीत हजर झाले. परदेशातल्या वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. बडोदा स्टेशनवर उतरल्याबरोबर प्रश्न उभा राहिला : राहायचं कुठे? पारशी म्हणून नाव सांगून ते एका पारशी विश्रामगृहात राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्यांना बाहेर काढलं. कचेरीत शिपाई त्यांच्या टेबलावर लांबूनच फायली टाकत. परदेशी पदव्या आणि वर महाराजांचा आधार असलेल्या माणसाची ही गत!

शंभराहून जास्त वर्षं झाली. आता फाईल कोणी फेकत नाही, फाईलच राहिली नाही. आता डबा खालच्या कप्प्यात जातो. चहाच्या ग्रुपमध्ये नाव घातलं जात नाही. प्रमोशनच्या वेळी 'कल्चर फिट' नाही असं सांगितलं जातं. बाबासाहेबांना परदेशात जात विसरता आली, कारण तिथे आपले जातवाले नव्हते. आज कंपनी आम्हाला पाठवते ती गटाने, म्हणजे जातही त्याच विमानात बसून येते.

मी हे सगळं घरी येऊन वडिलांना सांगितलं. ते तेहतीस वर्षं ॲम्युनिशन फॅक्टरीत होते. म्हणाले, "अरे, आमच्याकडे काय साहेब सगळे देव होते का? पाण्याच्या माठापासून भांडणं झाली. पण आमच्याकडे रजिस्टर होतं. रोस्टर होता, एससी-एसटीचा लायझन ऑफिसर होता, असोसिएशन होती. कागद दिला की साहेबाला उत्तर द्यावं लागायचं. तुमच्याकडे साहेब गोड बोलतो, पण रजिस्टर कुठंय?"

त्यांचं हे बोलणं माझ्या सगळ्या पॉवरपॉइंटपेक्षा खरं आहे. खडकी आणि देहूरोड या पट्ट्यातला आपला समाज उभा राहिला तो लष्कराच्या आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांतल्या कायम नोकरीवर. २५ डिसेंबर १९५४ ला बाबासाहेबांनी देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली. या पट्ट्यातल्या पगारदार कामगारांनी विहारं बांधली, पोरांच्या फिया भरल्या. पुढे १ ऑक्टोबर २०२१ पासून आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या केल्या गेल्या, आणि खडकीचा कारखाना म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेला. कामगारांनी विरोध केला, पण निर्णय झाला. वडिलांच्या पिढीचा दरवाजा अरुंद होत चाललाय आणि आमची पिढी हिंजवडीच्या काचेच्या इमारतींत शिरली आहे. पगार वाढला. पासपोर्टवर शिक्के आले. पण रजिस्टर गेलं.

आता कायद्याचं बघू. घटनेचं कलम १६ संधीची समानता देतं, पण ती सरकारी नोकरीत. खासगी मालकाला ते लागू नाही. १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा आहे, १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा आहे, आणि ते हवेतच. पण दोन्ही फौजदारी. फ्रिजच्या कप्प्यासाठी, मीटिंगमधल्या टोमण्यासाठी पोलीस चौकीत कोण जाणार? गेला तर त्याची नोकरी किती दिवस टिकेल?

कोणी म्हणेल, खासगी कंपन्यांच्या आतल्या कारभारात कायद्याने कसं शिरायचं? अहो, कायदा कधीच शिरला आहे. २०१३ चा लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी तक्रार समिती बसवायला लावतो. २०१६ चा अपंग व्यक्तींचा कायदा खासगी आस्थापनांनाही समान संधी धोरण जाहीर करायला लावतो. एचआयव्हीबाधितांसाठी २०१७ चा आणि ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठी २०१९ चा कायदा खासगी नोकरीतल्या भेदभावाला मनाई करतो. हे सगळे कायदे योग्य आहेत, आपण त्यांच्या बाजूनेच आहोत. प्रश्न एवढाच आहे की ज्या देशात भेदभावाचं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात पक्कं रूप जात आहे, त्या देशात खासगी ऑफिससाठी असा कायदा जातीबद्दलच का नाही?

आणि बाहेर काय चाललंय? २१ फेब्रुवारी २०२३ ला अमेरिकेतल्या सिएटल शहराने भेदभावविरोधी कायद्यात 'जात' हा शब्द घातला. असं करणारं ते तिथलं पहिलं शहर. ठराव मांडणाऱ्या क्षमा सावंत यांचा जन्म पुण्यातला. त्याआधी २०२० मध्ये कॅलिफोर्नियाच्या सरकारी खात्याने सिस्को कंपनीवर एका दलित इंजिनिअरच्या तक्रारीवरून खटला भरला. २०२३ मध्ये दोन अधिकाऱ्यांवरचा दावा मागे घेतला गेला, पण कंपनीवरचा चालू ठेवला. त्या प्रकरणानंतर ॲपल आणि आयबीएमसारख्या कंपन्यांनी आपल्या धोरणात जात हा शब्द लिहिला. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने विधेयकही मंजूर केलं, पण ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यपालांनी नकाराधिकार वापरला. म्हणाले, सध्याच्या कायद्यात हे येतंच. ब्रिटनचीही तीच कथा. २०१३ मध्ये संसदेने समानता कायद्यात जात घालण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आणि २०१८ मध्ये सरकारने हात झटकले. न्यायालयं बघून घेतील म्हणाले.

'सध्याच्या कायद्यात येतंच' हा युक्तिवाद तपासून बघा. येत असेल तर शब्द लिहायला हरकत काय? मी 'इतर' निवडलं तेव्हा मला उत्तर काय मिळालं, ते वर सांगितलंच आहे. ज्या गोष्टीला नाव नसतं, तिची तक्रार गैरसमजात जमा होते.

दुसरा आक्षेप असतो की जात लिहिली तर एका धर्माची बदनामी होते. सिएटलच्या कायद्यात कुठल्याही धर्माचं नाव नाही. ज्याला जात शब्द वाचताच आपल्या धर्मावर बोट दाखवल्यासारखं वाटतं, त्याने रागावण्याआधी असं का वाटतं याचा विचार करावा.

तिसरा आक्षेप आवडता : आमच्या क्षेत्रात फक्त मेरिट चालतं. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे, पण वेगवेगळ्या आडनावांचे अर्ज पाठवून बघितले. त्यांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. दलित आडनावाच्या अर्जाला पुढच्या टप्प्याचं बोलावणं येण्याची शक्यता उच्चवर्णीय आडनावाच्या तुलनेत दोन-तृतीयांशच निघाली. पात्रता तीच, आडनाव दुसरं. मग मेरिट नेमकं कशात असतं, अर्जात की आडनावात?

आता थोडं आपल्या स्वतःकडे वळू. पहिल्या दोन खेपांना मीही लपलो होतो. कोणी विचारलं तर नुसतं 'पुणे' सांगायचो, खडकी गाळायचो. लॅपटॉपवरचा बाबासाहेबांचा फोटो विमानतळावर जायच्या आधी काढून टाकला होता. पहिल्यांदा निघालो तेव्हा वस्तीतल्या पोरांनी अभिनंदनाचा फ्लेक्स लावला होता, विहारात वंदना झाली होती, एका आजीने हातात पन्नासची नोट दिली होती. त्यांच्यासाठी मी 'आपला पोरगा' होतो आणि तिकडे मी त्यांनाच लपवत होतो. आपली अनेक शिकलेली पोरं आज हेच करतात. त्यांना भित्रं म्हणण्याचा मला अधिकार नाही. एकट्या माणसाला घर चालवायचं असतं, हप्ते असतात. पण म्हणूनच एकेकट्याच्या हिमतीवर हा प्रश्न सोडून चालणार नाही. पत्र, सही, यादी, संघटना, हाच मार्ग आहे.

म्हणून मागण्या साध्या आहेत. एक, प्रत्येक कंपनीच्या भेदभावविरोधी धोरणात 'जात' हा शब्द स्पष्ट लिहावा. दोन, लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी जशी समिती असते तशी जातीय भेदभावासाठी असावी आणि तिच्यात बाहेरचा सदस्य असावा. तीन, जी बहुराष्ट्रीय कंपनी परदेशात जातीचा उल्लेख करते तिने तोच नियम पुण्यात, बंगळुरूत, हैदराबादेत लावावा. सिएटलमध्ये मला जे संरक्षण मिळतं, ते माझ्याच देशात, माझ्या घरापासून तासाभरावर असलेल्या हिंजवडीत का मिळू नये? आणि हे कंपन्यांच्या मर्जीवर न सोडता संसदेने खासगी क्षेत्रासाठी कायदा करावा. ऐच्छिक आचारसंहितांची गोड बोलणी आपण २००६ पासून ऐकतोय.

पुढच्या महिन्यात पुन्हा जायचंय. आईने चटणी कुटायला घेतली आहे. या वेळी डबा वरच्या कप्प्यात ठेवणार, त्यावर माझं पूर्ण नाव लिहून. खाली आला तर पुन्हा तक्रार करणार. 'इतर' निवडणार आणि खालच्या रिकाम्या चौकटीत एकच शब्द लिहिणार : जात. माझ्यासारखे आणखी शंभर जण हाच शब्द लिहितील, तेव्हा तो यादीत घ्यावाच लागेल.

जय भीम!