दुभाष्याचें काम नातवाचें नव्हे

संस्कृत व्याकरणांत देण्याच्या क्रियेला देणारा आणि देण्याची वस्तु एवढ्यानें भागत नाहीं. ज्याला द्यावयाचें तोही लागतो. त्याला वैयाकरण संप्रदान म्हणतात. राजसत्तेच्या व्यवहारालाही हाच नियम लावून पाहावा. सरकारनें नोटीस दिली, औषध दिलें, न्याय दिला. परंतु घेणाऱ्याला त्यांतील अक्षरही उमगलें नाहीं, तर तें देणें पुरें झालें असें म्हणतां येईल काय? परभाषी माणसाला समजेल असें बोलण्याचें बंधन सरकारावर असावें कीं नाहीं, हा प्रश्न मुळांत एवढाच आहे. अमेरिकेंत त्याचा खल कित्येक दशकें चालू आहे. आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरचीं वडील माणसें मुलासुनांकडे तिकडे जाऊन राहूं लागल्यामुळें तो आतां आपल्या माजघरापर्यंत येऊन पोंचला आहे.

१९६४ सालीं त्या देशांत नागरी हक्कांचा कायदा झाला. त्याच्या सहाव्या प्रकरणानें असें ठरविलें कीं, मध्यवर्ती सरकारचा पैसा ज्या कामाला लागतो, त्या कामांत वंश, वर्ण किंवा मूळ देश यांवरून कोणालाही वगळतां येणार नाहीं. येथें दोन गोष्टी ध्यानांत घ्याव्या. त्या कलमांत ‘नागरिक’ असा शब्द नसून ‘व्यक्ति’ असा आहे. आणि ‘भाषा’ हा शब्द त्यांत नाहींच. मग भाषा आली कोठून? ती आली १९७४ सालच्या एका निवाड्यानें. सान फ्रान्सिस्कोच्या शाळांत सुमारें १,८०० चिनी मुलें अशीं होतीं कीं, त्यांना इंग्रजी येत नव्हतें व तें शिकविण्याची निराळी सोयही झालेली नव्हती. वरवर पाहतां सर्वांना तेंच पुस्तक, तोच शिक्षक, तोच वर्ग; मग पक्षपात कोठें? सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, न समजणारें शिक्षण सर्वांना सारखें दिल्यानें समता होत नाहीं. ज्यानें फळ्यापुढें उभें राहून आयुष्य घालविलें, त्याला हें निराळें पटवून द्यावें लागत नाहीं.

पुढें ११ ऑगस्ट २००० रोजीं अध्यक्ष क्लिंटन यांनीं १३१६६ क्रमांकाचा आदेश काढून सरकारी कचेऱ्या व सरकारी पैसा घेणाऱ्या संस्था यांना हेंच तत्त्व लावून दिलें. सोय किती करावी याचें मापही ठरलें: त्या भाषेचे लोक किती, ते किती वेळां येतात, काम किती महत्त्वाचें, आणि संस्थेजवळ साधन किती. मापांत तारतम्य आहे. बागेंतील पाटी आणि शस्त्रक्रियेचें संमतिपत्र यांना एकच तराजू लावलेला नाहीं.

शस्त्रक्रियेचें नांव घेतलें तें उगीच नव्हे. १९८० सालीं फ्लॉरिडा प्रांतांत एका तरुणाला बेशुद्ध स्थितींत इस्पितळांत आणलें. घरचीं माणसें स्पॅनिश बोलणारीं. त्यांनीं ‘इंतोक्सिकादो’ असा शब्द वापरला. त्यांच्या मनांत खाण्यांतून कांहीं बाधलें असा अर्थ होता. डॉक्टरांनीं इंग्रजीच्या वळणानें अमली द्रव्याचा अतिरेक असा अर्थ घेतला व उपचारही तसेच केले. वस्तुतः मेंदूंत रक्तस्राव झाला होता. दुभाष्या कोणी बोलाविला नाहीं, आणि त्या मुलाचे हातपाय कायमचे गेले.

आतां हाच प्रकार आपल्या घरीं आणून पाहा. सुनेच्या बाळंतपणाला गेलेली आजी डॉक्टरांपुढें बसली आहे. ती म्हणते, “जीव घाबरा होतो.” शेजारीं दहा वर्षांचा नातू, मराठी त्याला जेवणापुरती येते. तो सांगतो, आजी घाबरली आहे. डॉक्टर धीर देऊन परत पाठवितात, आणि छातींतील दुखणें छातींतच राहतें. शिवाय स्त्रियांचीं कित्येक दुखणीं अशीं असतात कीं, आजी नातवासमोर तीं उच्चारणारच नाहीं. मुलाच्या मनावर पडणारा भार तो वेगळाच. म्हणूनच २०१० च्या आरोग्यसेवेच्या कायद्याखालीं २०१६ सालीं जे नियम झाले, त्यांत आणीबाणीवांचून अल्पवयी मुलाला दुभाष्या करूं नये असें घातलें गेलें. नियम सूक्ष्म आहे, पण त्यामागें मोठें शहाणपण आहे.

यावर तिकडील कित्येक सज्जन विचारतात कीं, आलेल्यांनीं इंग्रजी शिकावें हें बरें नव्हे काय? अवश्य शिकावें, शिक्षकानें दुसरें काय सांगावें? परंतु धडा पुरा होईपर्यंत आजार थांबत नाहीं. १ मार्च २०२५ रोजीं अध्यक्ष ट्रम्प यांनीं इंग्रजीला राजभाषा ठरवून क्लिंटन यांचा आदेश रद्द केला. चालू सोयी बंदच करा असें त्यांत नाहीं. पण जें बंधन होतें, तें मध्यवर्ती कचेऱ्यांत पुष्कळसें अधिकाऱ्याच्या मर्जीवर आलें. मात्र १९६४ चा कायदा विधिमंडळाचा. तो आदेशानें पुसला जात नाहीं. शहरांचेही स्वतःचे नियम आहेत. न्यूयॉर्क शहराच्या २०१७ च्या कायद्यानें महत्त्वाचे कागद दहा भाषांत देणें ठरलें. त्यांत बंगाली व उर्दू आहेत, मराठी नाहीं. परंतु इतर भाषिकांसाठीं फोनवरून दुभाष्या मिळण्याची तरतूद आहे.

तेव्हां प्रवासाला निघणाऱ्या वडीलधाऱ्यांना लोणच्याच्या बरणीबरोबर आणखी एक शिदोरी द्यावी. आपलीं औषधें व जुनीं दुखणीं इंग्रजींत लिहिलेला एक कागद, आणि ‘मला मराठी दुभाष्या हवा’ एवढें एक इंग्रजी वाक्य. तें म्हणतांना संकोच नसावा. ती याचना नव्हे.

आणि तोच न्याय आपल्या दारींही लावावा. आपल्या राज्यघटनेच्या ३५० व्या कलमानें गाऱ्हाणें संघराज्यांत किंवा त्या राज्यांत वापरांत असलेल्या कोणत्याही भाषेंत मांडण्याचा हक्क सर्वांना दिला आहे. पुण्यामुंबईच्या इस्पितळांत खिडकीशीं गोंधळून उभा असलेला ओरिसाचा गवंडी हाही कोणाच्या तरी घरचा मुलगा आहे. आपल्या आईचें म्हणणें परदेशांत कोणीं समजून घ्यावें असें वाटत असेल, तर त्या खिडकीशीं आपणही क्षणभर थांबावें.