दक्षिणेच्या रॅपला पहिली टाळी कोणाची?

3 ऑगस्ट 1995. न्यूयॉर्कच्या सोर्स पुरस्कार सोहळ्यात अटलांटाच्या आउटकास्टला नवोदित रॅप गटाचा पुरस्कार जाहीर झाला आणि सभागृहाने त्यांची हुर्यो उडवली. रॅप म्हणजे न्यूयॉर्क, फार तर लॉस एंजेलिस, अशी तेव्हा मक्तेदारी होती. दक्षिणेलाही काही सांगायचे आहे, असे आंद्रे 3000 ने त्याच मंचावरून ठणकावले.

2004 मध्ये याच आउटकास्टला सर्वोत्कृष्ट अल्बमचा ग्रॅमी मिळाला, 2006 मध्ये मेम्फिसच्या थ्री सिक्स माफियाला ऑस्कर. मग सगळ्यांनाच दक्षिण थोर वाटू लागली. आमचा सवाल साधा आहे. तोवर या कलावंतांना जगवले कोणी?

त्यांच्याच माणसांनी. ह्यूस्टनचा डीजे स्क्रू संथ केलेल्या गाण्यांच्या कॅसेटी घरातून विकायचा आणि त्याच्या दारात गाड्यांची रांग लागायची. स्क्रू 2000 मध्ये गेला, यूजीकेचा पिम्प सी 2007 मध्ये. दोघेही पस्तिशीच्या आत. स्क्रूच्या रेकॉर्ड आज ह्यूस्टन विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. पण त्याच्या कॅसेटी आधी जपल्या त्या चाहत्यांनी.

यातल्या अनेक गाण्यांत स्त्रियांचा अपमान आहे, हेही आम्ही झाकणार नाही. कदर करणे म्हणजे भक्ती नव्हे.

ब्लॅक पँथरकडून प्रेरणा घेऊन 1972 मध्ये दलित पँथर उभी राहिली. मग हाही धडा घेऊ या. आपल्या वस्तीतल्या म्हाताऱ्या गायकाला प्रस्थापितांचा पुरस्कार मिळेल तेव्हा मिळेल. मित्रांनो, त्याचा आवाज आजच रेकॉर्ड करा, त्याच्या हयातीत!