प्रोस्टेट : त्रास आतल्या भागात, धोका बाहेरच्या

अमेरिकेचे माजी अध्यक्ष जो बायडेन यांना प्रोस्टेटचा कर्करोग झाला असून तो हाडांपर्यंत पोहोचला आहे, हे १८ मे २०२५ रोजी जाहीर झाले आणि सर्वत्र एकच प्रश्न विचारला जाऊ लागला. ज्या व्यक्तीच्या प्रकृतीवर चार वर्षे निष्णात डॉक्टरांची नजर होती, तिचा आजार इतका पुढे जाईपर्यंत ध्यानात कसा आला नाही? राजकीय विरोधकांना त्यात लपवाछपवीचा वास आला. त्यापूर्वी जानेवारी २०२४ मध्ये ब्रिटनचे राजे चार्ल्स यांच्यावर वाढलेल्या प्रोस्टेटसाठी उपचार झाले होते. पुढच्याच महिन्यात त्यांना कर्करोग असल्याचे सांगण्यात आले. मात्र तो प्रोस्टेटचा नाही, असा खुलासा राजवाड्याला करावा लागला. नोव्हेंबर २०२५ मध्ये ब्रिटनचे माजी पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी आपणही प्रोस्टेटच्या कर्करोगावर उपचार घेतल्याचे सांगितले. त्याच महिन्यात तेथील तज्ज्ञ समितीने आपल्या मसुद्यात सर्व पुरुषांची सरसकट तपासणी करू नये, असे मत नोंदवले. बीआरसीए जनुकांत दोष असलेल्या ४५ ते ६१ वयाच्या पुरुषांचीच दर दोन वर्षांनी तपासणी करावी, अशी तिची शिफारस होती.

रोग इतका सर्रास आढळणारा आणि चाचणी केवळ थोड्या रक्तावर होणारी, तरीही तज्ज्ञ हात का आखडता घेतात? या प्रश्नाचे बरेचसे उत्तर राजकारणात नव्हे, तर अक्रोडाएवढ्या एका ग्रंथीच्या रचनेत आहे.

अडचणीची जागा

निरोगी तरुण पुरुषात प्रोस्टेटचे वजन सुमारे २० ग्रॅम असते. मूत्राशयाच्या तोंडाशी, गुदाशयाच्या पुढे आणि जघनास्थीच्या मागे ती बसलेली असते. मूत्रमार्ग तिच्या मधून जातो, आणि शुक्राणू वाहून आणणाऱ्या नलिकाही तिच्याच आत त्या मार्गाला मिळतात. 'पुढे उभी असलेली' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून तिला प्रोस्टेट हे नाव मिळाले. मराठीतील 'पुरःस्थ ग्रंथी' हा पर्याय त्याच अर्थाचा आहे. वीर्यातील साधारण चतुर्थांश द्रव ती तयार करते. त्यात सायट्रेट, जस्त आणि पीएसए नावाचे प्रथिन असते. स्खलनानंतर घट्ट झालेले वीर्य पुन्हा पातळ करणे हे या प्रथिनाचे नैसर्गिक काम. पुढे ज्या चाचणीवरून जगभर वाद झाला, तिचा आधार हेच प्रथिन आहे.

ही ग्रंथी एकजिनसी नाही. तिचा मोठा भाग स्राव करणाऱ्या सूक्ष्म नलिकांचा, तर उरलेला स्नायू व तंतूंचा असतो. १९१२ मध्ये ऑस्वाल्ड लोस्ली यांनी तिचे खंड सांगितले होते व ते अनेक दशके शिकवले गेले. जॉन मॅकनील या विकृतिशास्त्रज्ञाने १९६८ पासून मांडलेल्या अभ्यासाने ते चित्र बदलले. ग्रंथींच्या ऊतीपैकी सुमारे ७० टक्के भाग मागे व कडेला, म्हणजे बाह्य विभागात असतो. स्खलननलिकांभोवतीच्या मध्य विभागात सुमारे २५ टक्के आणि मूत्रमार्गाला बिलगून असलेल्या संक्रमण विभागात अवघे ५ टक्के.

या विभागणीला मोठा अर्थ आहे. वयाबरोबर होणारी साधी, कर्करोग नसलेली वाढ ही प्रामुख्याने त्या ५ टक्क्यांच्या संक्रमण विभागात होते. तो भाग फुगला की मूत्रमार्ग आवळला जातो. मग लघवीची धार मंदावते, रात्री वारंवार उठावे लागते, मूत्राशय पूर्ण रिकामे झाल्यासारखे वाटत नाही. याउलट सुमारे ७० टक्के कर्करोग बाह्य विभागात, मूत्रमार्गापासून दूर उगवतात. तेथे गाठ वाढली तरी प्रारंभी कशालाही अडथळा होत नाही. ज्या त्रासाने पुरुष घाबरतो, तो बहुतेक वेळा निरुपद्रवी वाढीचा असतो. आणि जो आजार जिवावर बेततो, तो सुरुवातीची वर्षे निःशब्द राहतो. 'मला काहीच त्रास नाही' या वाक्याला म्हणूनच येथे फारसे मूल्य उरत नाही.

आणखी एक गैरसमज याच रचनेतून दूर होतो. वाढलेल्या प्रोस्टेटसाठी दुर्बिणीतून होणाऱ्या शस्त्रक्रियेला बोलीत 'प्रोस्टेट काढले' म्हणतात. प्रत्यक्षात मार्ग अडवणारा आतला भागच खरवडून काढला जातो. बाह्य विभाग जागच्या जागी राहतो आणि त्यात पुढे कर्करोग होऊ शकतो. बाह्य विभाग गुदाशयाला लागून असल्यामुळे डॉक्टर बोटाने तपासून तेथील टणकपणा ओळखू शकतात. बायडेन यांच्या बाबतीतही लघवीच्या वाढत्या तक्रारींनंतर झालेल्या तपासणीत प्रोस्टेटवर गाठ आढळली होती. मात्र हाताला लागण्याइतकी गाठ म्हणजे नेहमीच आरंभीची अवस्था नव्हे.

आकडा ग्रंथीचा, रोगाचा नव्हे

पीएसए हे प्रथिन निरोगी पेशीही तयार करतात. वीर्यात ते विपुल असते, रक्तात अत्यल्प. पेशींची रचना विस्कटली की त्याचा झिरपा रक्तात वाढतो. ही विस्कट कर्करोगाने होते, तशीच साध्या वाढीने व जंतुसंसर्गानेही होते. वाढीवर दिली जाणारी फिनास्टेराइडसारखी औषधे तर हा आकडा जवळपास निम्म्यावर आणतात. म्हणजे चाचणी सांगते ती ग्रंथीची अस्वस्थता. तिचे कारण नव्हे. या प्रतिजनाच्या शोधाशी ज्यांचे नाव जोडले जाते, त्या रिचर्ड ॲब्लिन यांनीच २०१० मध्ये सरसकट चाचण्यांवर कठोर टीका केली, ती याच कारणाने.

कर्करोग सापडल्यावरही त्याची जात ओळखावी लागते. डोनाल्ड ग्लीसन यांनी १९६६ मध्ये त्यासाठी पद्धत मांडली. सूक्ष्मदर्शकाखाली नलिकांची घडण कितपत शाबूत आहे, हे पाहून गुण द्यायचे. व्यवहारात ६ ते १० अशा या मोजपट्टीवर ६ गुणांचा आजार बहुधा संथ असतो. बायडेन यांचा आकडा ९ होता.

संथ आजारावर घाईने शस्त्रक्रिया केली, तर ग्रंथीचा शेजार आडवा येतो. तिच्या दोन्ही बाजूंनी लैंगिक क्षमतेच्या मज्जातंतूंची जुडी जाते आणि खालच्या टोकाशी लघवी रोखून धरणारा स्नायू असतो. पॅट्रिक वॉल्श यांनी १९८२ मध्ये हे मज्जातंतू वाचवणारी शस्त्रक्रिया केली. तरीही ताबा व क्षमता गमावण्याचा धोका पूर्णपणे टळलेला नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील दीर्घ अभ्यासात, ग्रंथीपुरत्या मर्यादित कर्करोगाचे सुमारे ९७ टक्के रुग्ण १५ वर्षांत त्या आजाराने दगावले नव्हते, मग शस्त्रक्रिया झालेली असो, किरणोपचार असोत वा केवळ देखरेख.

धोरणाचा काटा

अमेरिकेच्या तज्ज्ञ गटाने २०१२ मध्ये या चाचणीच्या विरोधात मत दिले. २०१८ मध्ये ५५ ते ६९ वयात डॉक्टरांशी बोलून वैयक्तिक निर्णय घ्यावा आणि सत्तरीनंतर चाचणी करू नये, अशी भूमिका त्याने घेतली. बायडेन यांची आधीची चाचणी २०१४ मध्ये, वयाच्या सत्तरीनंतर झाली होती, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. दुसरीकडे आठ युरोपीय देशांतील १ लाख ६२ हजार पुरुषांच्या अभ्यासाचे २३ वर्षांचे निष्कर्ष २०२५ मध्ये आले. चाचणीसाठी बोलावलेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू १३ टक्क्यांनी कमी होते. एक मृत्यू टाळण्यासाठी ४५६ जणांना बोलवावे लागले आणि १२ जणांना रोगाचे निदान ऐकावे लागले. लाभ खरा आहे, पण त्याची किंमतही खरी आहे. ऊतीचा तुकडा घेण्याआधी एमआरआय करण्याची पद्धत रूढ होत असल्याने ही किंमत घटण्याची आशा मात्र वाढली आहे. संशयास्पद भाग कोणत्या विभागात आहे, हे त्यात आधीच दिसू शकते.

भारतात हा प्रश्न वेगळ्या वाटेने येतो. राष्ट्रीय कार्यक्रमात २०१६ पासून तोंड, स्तन व गर्भाशयमुख या तीन कर्करोगांच्या तपासणीवर भर आहे. प्रोस्टेट त्यात नाही. मुंबई-पुण्यासारख्या महानगरांत मात्र हा पुरुषांच्या प्रमुख कर्करोगांपैकी एक झाला आहे. लॅन्सेट आयोगाने २०२४ मध्ये वर्तवलेल्या अंदाजानुसार जगातील वार्षिक नवे रुग्ण २०२० मधील १४ लाखांवरून २०४० मध्ये २९ लाखांवर जातील, आणि वाढता भार मुख्यतः अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांवर पडेल.

शहरांतील आरोग्य तपासणीच्या 'पॅकेज'मध्ये पीएसएचा आकडा सहज हाती पडतो. तो घेण्याआधी करायचे संभाषण मात्र कोणत्याही पॅकेजमध्ये नसते. वडील वा भाऊ या आजाराने गेले आहेत का, कोणती औषधे चालू आहेत, आकडा वाढला तर पुढची पायरी कोणती, आणि संथ आजार निघाला तर नुसती देखरेख मानवेल का? पन्नाशीच्या आसपास, आणि घरात हा आजार असल्यास त्याआधी, हे प्रश्न डॉक्टरांसमोर मांडले गेले पाहिजेत. लघवीची तक्रार सुरू होण्याची वाट पाहणाऱ्याने एवढे लक्षात ठेवावे, की तो ग्रंथीच्या आतल्या भागाकडे कान देऊन बसला आहे आणि धोका बहुधा बाहेरच्या भागात असतो.