आधी काटा, मग इमान

कुत्र्याचा सिनेमा म्हटलं की शेवट आपल्याला आधीच ठाऊक असतो. मालक संकटात सापडणार, कुत्रा जिवावर उदार होऊन त्याला वाचवणार आणि आपण डोळ्यांना पदर लावणार! १९२५ सालचा 'क्लॅश ऑफ द वुल्व्हज' हा अमेरिकन मूकपट बघायला मीही अशीच बसले. पण मन अडकलं ते भलत्याच जागी.

यात लोबोचं काम केलंय रिन टिन टिन या जर्मन शेफर्ड कुत्र्यानं. पहिल्या महायुद्धात, सप्टेंबर १९१८ मध्ये, ली डंकन या अमेरिकन सैनिकाला फ्रान्समध्ये बॉम्बनं उद्ध्वस्त झालेल्या जागी एक कुत्री आणि तिची पाच पिल्लं सापडली. त्यातलंच हे एक.

लोबो हा लांडग्यांच्या टोळीचा म्होरक्या. जंगलात वणवा पेटतो, टोळी माणसांच्या वस्तीकडे उतरते, गुरांवर तुटून पडते. झालं! लोबोच्या डोक्यावर इनाम लागतं. त्यात त्याच्या पायात निवडुंगाचा काटा रुततो. असा घायाळ लोबो डेव्ह नावाच्या तरुणाला सापडतो. इनाम आयतंच समोर आलेलं. पण डेव्ह आधी काटा काढतो. पुढे लोबोला कुणी ओळखू नये म्हणून त्याला चक्क खोटी दाढीसुद्धा लावतो!

नंतर डेव्हवरच हल्ला होतो. त्याला वाळवंटात मरायला टाकलेलं असतं, तेव्हा लोबो त्याचा निरोप घेऊन गावात जातो. जिथे त्याच्या जिवावर सगळे टपलेले, त्याच गावात.

बघणारे म्हणतात, काय हे इमान! खरंच आहे. पण मैत्रिणींनो, क्रम बघा. काटा आधी निघाला, इमान नंतर आलं. हा लोबो उद्या आपल्या उपयोगी पडेल, असा हिशेब डेव्हनं केला नव्हता.

सुनेची तुलना कुत्र्याशी करते म्हणून रागावू नका, पण आपल्या घरांत हा क्रम उलटा असतो. नव्या मुलीनं पहिल्या दिवसापासून घराशी इमान राखायचं. जरा उलट बोलली की 'तोंडाळ', गप्प बसली की 'आतल्या गाठीची'. एकदा शिक्का बसला की सगळी आळी तिच्या मागे. आमच्याकडे गाऱ्हाणी घेऊन येणाऱ्या सासवांना मी विचारते, "ती अशी का वागते, हे तिला कधी विचारलंत का हो?" बहुतेक वेळा उत्तर येत नाही. आणि सुनांनो, सासूबाईंच्या पायातही एखादा जुना काटा असतोच की. तोही कुणी विचारलेला नसतो.

मूकपटात लोबोला बोलता येत नाही, तरी डेव्हला त्याचं दुखणं कळतं. आपल्याला तर देवानं वाचा दिलीय. मग नाव ठेवण्याआधी, "काय दुखतंय गं?" एवढं विचारायला काय हरकत आहे?